रणदिवेसाहेब, यंदा तरी हात मोकळे राहू द्या

श्री. विवेक रणदिवे
मालक, सॅक्रामेंटो किंग्ज
यांस,

स.न.वि.वि.

2013 साली तुम्ही किंग्ज हा बास्केटबॉल संघ विकत घेतलेत, त्या आठवड्यात गिरगावातून आईचा फोन आला. बास्केटबॉलमधलं तिला शून्य कळतं. पण पेपरात आडनाव वाचलं होतं. "रणदिवे म्हणजे आपल्याकडचेच ना रे? कुठले?" मी म्हटलं, जुहूत वाढलेत, एमआयटीत शिकलेत, खिशात 50 डॉलर घेऊन अमेरिकेत आले असं सांगतात. आई म्हणाली, "मग पैशाची किंमत माहीत असेल त्यांना."

ते वाक्य मला दर उन्हाळ्यात आठवतं. या 2025 च्या उन्हाळ्यात जरा जास्तच आठवलं, म्हणून हे पत्र. इंग्रजीत लिहिलं असतं तर रागारागाने लिहिलं गेलं असतं. मराठीत निदान नमस्काराने सुरुवात करावी लागते.

मी सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्समला राहतो. 2009 च्या ऑगस्टमध्ये इथे आलो, तेव्हा किंग्ज नुकतेच मोसमात 17 सामने जिंकून 65 हरलेले होते. बास्केटबॉल मी शिकलो नागपाड्यात. क्रिकेटच्या शहरातलं ते एक वेगळंच बेट; गिरगावातून चालत जायचो आणि गुडघे सोलून परत यायचो. त्यामुळे गावात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगचा, संघ आहे म्हटल्यावर मी त्याचा झालो, तो चांगला आहे की वाईट हे न विचारता. मुलगी 2011 ची. किंग्जनी प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, गाठली 2023 मध्ये. म्हणजे पोरीसोबत बारा वर्षं मोजत बसलो असं म्हणा. 16 मोसमांचा दुष्काळ, लीगच्या इतिहासातला सगळ्यात लांब. 15 एप्रिल 2023 ला वॉरियर्सना पहिल्या सामन्यात 126-123 ने हरवलं, त्या रात्री डाउनटाउनमध्ये अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. छतावरून जांभळा झोत आकाशात गेला आणि माझी मुलगी रडली. मीही रडलो, पण मी चष्मा पुसत होतो असं घरी सांगितलं आहे.

हे सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढची टीका बाहेरच्या माणसाची नाही. तुमचं ऋणही मान्य आहे. तुम्ही पुढे आला नसतात तर हा संघ सिअॅटलला गेला होता. मालकांच्या मतदानात 22 विरुद्ध 8 ने तो इथे राहिला. पण तो राहावा म्हणून या शहरानेही नव्या स्टेडियमसाठी सुमारे 25.5 कोटी डॉलर उचलले, पार्किंगच्या उत्पन्नावर कर्ज काढून. म्हणून मालक तुम्ही असलात तरी बोलण्याचा थोडा हक्क आम्हालाही आहे.

आता या उन्हाळ्याबद्दल.

आमचा सातआठ जणांचा कट्टा आहे. सामना हरलो की वडापाव, जिंकलो की वडापाव. जुलैत डेनिस श्रोडरचा करार जाहीर झाला, तीन वर्षं आणि सुमारे 4.5 कोटी डॉलर, तेव्हा कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणाला, आपला गार्ड डी'एरन फॉक्स गेल्यापासून आपल्याकडे चेंडू पुढे आणणारा माणूसच नाही, मग हा काय वाईट? आणि ते खरंही आहे. श्रोडर लढाऊ आहे. 2023 च्या विश्वचषकात त्याने जर्मनीला सुवर्णपदक मिळवून दिलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. येत्या आठवड्यात युरोबास्केट सुरू होतंय, तिथेही तो चमकेल. माझी तक्रार त्याच्या खेळाबद्दल नाही. तो सप्टेंबरात 32 चा होतोय. गेल्या एका मोसमात ब्रुकलिन, गोल्डन स्टेट आणि डेट्रॉइट असे तीन संघ त्याने पाहिले. असा खेळाडू कुणी आणावा? ज्याच्या संघात एकच खिळा कमी आहे त्याने. आपल्या खुर्चीला पायच दोन आहेत.

आणि त्याला जागा व्हावी म्हणून काय केलं? फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून आणलेला योनास वालान्चुनास डेन्व्हरला देऊन टाकला आणि बदल्यात डारिओ शारिच घेतला. पगारातले पन्नासेक लाख डॉलर वाचले. पण आपला मुख्य सेंटर साबोनिस बाकावर बसला की गेल्या दोन वर्षांत आपण कसे कोलमडायचो हे प्रत्येक प्रेक्षकाला पाठ आहे. त्या जागेसाठी हाताशी असलेला मोठा माणूस आपण पाच महिन्यांत घालवला आणि मग एका वर्षाच्या करारावर ड्र्यू युबँक्स आणला. जेक लारेव्हियाचं तसंच. तरुण, दोन्ही बाजूंनी खेळणारा, स्वस्त. नियमांमुळे त्याला आपण मर्यादित रक्कमच देऊ शकत होतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्या ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) त्याला आणलं, त्या दिवशीही ती मर्यादा होतीच की. तो लेकर्सकडे गेला, दोन वर्षांच्या 1.2 कोटींवर. लेकर्सकडे! हे वाक्य टाइप करतानाही बोटं दुखतात. 2002 मध्ये याच लेकर्सनी आपल्याला अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर हरवलं होतं; ते पाहिलेल्या माणसांना कारण सांगावं लागणार नाही.

चांगलं झालं ते चांगलं म्हणतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक फेरीत, 24 व्या क्रमांकावर निक क्लिफर्ड घेतला, ते मनापासून आवडलं. 23 वर्षांचा, कॉलेजात पाच वर्षं घासलेला, दोन्ही टोकांना खेळणारा. स्टॅनफर्डचा सात फुटी मॅक्सिम रेनो 42 व्या क्रमांकावर मिळाला, तोही सौदा वाईट नाही. या दोघांना मोकळेपणाने मिनिटं मिळाली तर मी स्वतः तुमच्या जनरल मॅनेजरांना पुरणपोळ्या नेऊन देईन. पण मिनिटं मिळणार कुठून? लवीन, डीरोझन, मंक, श्रोडर, एलिस, कार्टर, त्यात आता क्लिफर्ड. गार्डांचीच रांग मंत्रालयाच्या लिफ्टपुढे लागते तेवढी झाली आहे.

खरं दुखणं पगाराच्या पत्रकात आहे. आमच्यापैकी ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यंदाची (2025-26 ची) सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, सुमारे 15.46 कोटी डॉलर आहे. ती लवचिक असते. अपवाद वापरून संघ तिच्यावर जाऊ शकतात. 18.79 कोटींच्या पुढे लक्झरी टॅक्स लागतो. त्याच्याही वर दोन कुंपणं आहेत, ज्यांना 'एप्रन' म्हणतात: पहिलं 19.59 कोटींना, दुसरं 20.78 कोटींना. कुंपण ओलांडलं की ट्रेडचे एकेक दरवाजे बंद होत जातात, आणि साइन-अँड-ट्रेडने (जुन्या संघाने नवा करार करून लगेच ट्रेडमध्ये दिलेला) एखादा खेळाडू घेतला तर पहिलं कुंपण त्या वर्षापुरतं भिंत होतं, काही केलं तरी ओलांडता येत नाही. म्हणजे आजकाल मालकाचा खिसा खोल असून भागत नाही. पैसा असला तरी हालचालीला जागा लागते.

आता आपल्याकडची जागा पाहा. झॅक लवीनला यंदा सुमारे 4.75 कोटी, साबोनिसला सुमारे 4.23 कोटी, डीमार डीरोझनला सुमारे 2.46 कोटी. तिघांचे मिळून 11.4 कोटींच्या आसपास. घरच्या हिशोबात सांगायचं तर 100 रुपये पगारातले 74 रुपये तीन हप्त्यांत गेले, आणि किराणा अजून भरायचाच आहे. एवढं करून संघ बॉस्टन किंवा ओक्लाहोमा सिटी असता तर कुणी कुरकुर केली नसती. आपण 40 जिंकून 42 हरलो आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या प्रवेशासाठीच्या लढतीत, आपल्याच मैदानावर डॅलसकडून 120-106 ने मार खाल्ला. त्याच रात्री जनरल मॅनेजर माँटी मॅकनेअर यांचा निरोप जाहीर झाला. स्टेडियमच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत संघाचा कारभारी बदलला होता.

आणि लवीन-डीरोझन ही जोडी काय नवी आहे का? शिकागोने ती तीन मोसम चालवून पाहिली. 2022 मध्ये पहिल्याच फेरीत मिलवॉकीकडून 4-1, नंतरची दोन वर्षं प्ले-इनमध्येच मुक्काम. शिकागोने जो संसार मोडला तो आपण भांड्याकुंड्यांसकट उचलून आणला. दोघंही गुणी आहेत. डीरोझनचा मिड-रेंजचा फटका मी मुलीला थांबवून थांबवून दाखवतो. लवीनचा तीनचा फटका लीगमधल्या सुंदर फटक्यांपैकी एक आहे. पण दोघांनाही चेंडू हातात लागतो आणि दोघांनाही समोरच्याला अडवायचा कंटाळा आहे. बाजूला किगन मरे उभा असतो. पदार्पणाच्या मोसमात 206 तीनचे फटके मारून ज्याने नवख्यांचा विक्रम केला, तो आता कोपऱ्यात उभं राहून चेंडू येण्याची वाट पाहतो, आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यांच्या वाटचा बचाव करतो.

तुम्ही म्हणाल, मग आत्ता काय करायचं होतं? तर फार काही नाही. हीच माझी तक्रार आहे, की आपल्याला 'फार काही नाही' हे करताच येत नाही.

तुमच्याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. मुलीच्या शाळकरी संघाला तुम्ही कोच केलंत, आणि उंची-कौशल्य कमी म्हणून संपूर्ण सामना फुल कोर्ट प्रेस, म्हणजे मैदानभर अंगावर जाऊन अडवणं, लावलात. समोरच्या मुलींना चेंडू आत टाकायलाच मिळेना. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. छान. पण साहेब, बारा वर्षांच्या मुली प्रेसने गोंधळतात, एनबीए गोंधळत नाही. इथे सतत प्रेस लावणाऱ्याचेच पाय भरून येतात आणि मागे मैदान रिकामं राहतं. तुमचा व्यवसाय शेअर बाजाराला क्षणाक्षणाची माहिती पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. भाव हलला की त्याच क्षणी कृती. संघ तसा चालत नाही. खेळाडू पिकायला तीन-चार वर्षं लागतात आणि त्या काळात मालकाने हाताची घडी घालून बसायचं असतं. 12 वर्षांत आपल्याकडे आठ कोच झाले: मलोन, कॉर्बिन, कार्ल, योर्गर, वॉल्टन, जेंट्री, ब्राउन आणि आता डग क्रिस्टी. मायकेल मलोन यांना 11-13 असताना काढलं. त्यांनी 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. माइक ब्राउन यांना त्याच 2023 मध्ये एकमताने वर्षातला सर्वोत्तम कोच ठरवलं गेलं, आणि पुढच्याच्या पुढच्या डिसेंबरात, 13-18 असताना, तेही गेले. आज ते न्यूयॉर्कचे कोच आहेत.

2015 चा उन्हाळा आठवतो तुम्हाला? आम्हाला आठवतो. फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) घ्यायला कॅपमध्ये जागा हवी म्हणून आपण फिलाडेल्फियाला आदल्या वर्षीचा आठव्या क्रमांकाचा स्टाउस्कस, लँड्री, थॉम्प्सन, एक फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडीचा हक्क) आणि वर क्रमांक अदलाबदलीचे हक्क दिले. त्या जागेत राजॉन राँडो, बेलिनेली, कूफस आले. राँडो एका वर्षात गेला, संघ 33-49. बिल आलं नंतर. 2017 मध्ये ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत आपल्याला तिसरा क्रमांक लागला, तो फिलाडेल्फियाने अदलाबदल करून घेतला आणि आपण पाचव्यावर आलो. तो तिसरा क्रमांक फिरत फिरत बॉस्टनकडे गेला, बॉस्टनने त्यावर जेसन टेटम निवडला. 2019 चं पिकही त्याच वाटेने बॉस्टनला. पाचव्या क्रमांकावर आपल्याला डी'एरन फॉक्स मिळाला हे आपलं नशीब. नशिबाला धोरण म्हणू नये.

मग फॉक्सचंही काय झालं ते या फेब्रुवारीत पाहिलं. तो सॅन अँटोनियोला गेला, आता ऑगस्टमध्ये त्याने तिथे चार वर्षांचा नवा करारही केला. आपल्याकडे लवीन आला आणि काही पिक्स आली. त्यातलं शार्लटचं पिक सेकंड राउंडमध्ये विरून गेलं. सॅन अँटोनियोचं 2027 चं, क्लिफर्डसाठी ओक्लाहोमाला दिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तरुण खेळाडूसाठी पिक खर्च होणं हा पिकचा धर्म आहे. हाती उरलं मिनेसोटाचं 2031 चं. आपलं स्वतःचं यंदाचं पिक? ते 2022 मध्ये केव्हिन हर्टरसाठी अटलांटाला लिहून दिलेलं होतं. तेराव्या क्रमांकावर वसूल झालं, तेही हर्टर शिकागोला गेल्यावर. सामान विकलं तरी हप्ता चालू, असा प्रकार.

इथे थोडं थांबून हॅलिबर्टनबद्दल बोलतो, कारण त्यावरून कट्ट्यावर अजूनही भांडणं होतात. 2020 ला बाराव्या क्रमांकावर मिळालेला मुलगा आपण दोन वर्षांत साबोनिसच्या बदल्यात इंडियानाला दिला. मी त्या ट्रेडच्या बाजूने होतो. आजही थोडासा आहे. साबोनिस नसता तर 2023 ची ती रात्र नसती; तीन मोसम सलग लीगमध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड घेणारा माणूस आहे तो. पण यंदा जूनमध्ये हॅलिबर्टन इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे त्याचा घोट्यामागचा स्नायूबंध तुटला, तेव्हा घरात कुणीच बोललं नाही. मुलगी म्हणाली, "हा आपला होता ना?"

इंडियानाचा आणि आपला योग असा विचित्र. 2019 च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले ते तुमच्यामुळे, आणि समोर इंडियानाचे पेसर्सच होते. पहिला जादा वेळेत 132-131 ने हरलो, दुसरा 130-106 ने. माझे बाबा तेव्हा 74 चे. 5 तारखेचा सामना पाहायला गेले, जांभळा शर्ट मुद्दाम शिवून घेऊन. रात्री फोनवर म्हणाले, "तुझी मुलं पळतात छान रे. पण कुठे पळायचं ते ठरलेलं दिसत नाही."

आता ताजी धास्ती. गोल्डन स्टेटचा जोनाथन कुमिंगा साइन-अँड-ट्रेडने आणायच्या बातम्या जुलैपासून वाचतो आहे. मलिक मंक आणि एक फर्स्ट राउंड पिक, त्या पिकवर संरक्षण (फार वरचा क्रमांक लागला तर पिक आपल्याकडेच राहण्याची अट) किती यावर घासाघीस, असं सगळं. कुमिंगा 22 वर्षांचा आहे, उडी तर बघत राहावी अशी. वयाच्या हिशोबाने तो या उन्हाळ्यातल्या सगळ्या खरेदीपेक्षा शहाणपणाचा ठरेल. पण त्यासाठी 2030 चं पिक उघडं टाकू नका. 2030 मध्ये साबोनिसचा करार संपून दोन वर्षं झालेली असतील. आपण तेव्हा कसे असू हे ज्याला माहीत नाही त्याने कोऱ्या कागदावर सही करू नये. माझ्या आजोबांनी एका नातलगासाठी अशी सही केली होती. आमच्या घरात अजून त्या जमिनीचं नाव काढत नाहीत.

आणि एक बारीक गोष्ट, जी कुणाच्या लक्षात आली नसेल पण मला झोपू देत नाही: कीऑन एलिस. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला पोरगा, आज लीगमधल्या चांगल्या बचावपटूंत गणला जातो. त्याला आणखी एक वर्ष ठेवण्याचा 23 लाख डॉलरचा पर्याय आपण वापरला. स्वस्त वाटतं. पण तो पर्याय सोडला असता तर तो यंदाच रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट झाला असता आणि दुसऱ्याने दिलेली किंमत आपण जुळवू शकलो असतो. आता 2026 मध्ये तो पूर्ण मोकळा. वर्षाचे चारदोन पैसे वाचवून आपण आपल्या हातातली दोरी सोडली.

तर मागण्या. फार नाहीत.

एलिसशी आत्ताच नवा करार बोला. त्याला ट्रेडच्या गंगाजळीतली चिल्लर समजू नका. किगन मरेच्या नव्या कराराची मुदत ऑक्टोबरात आहे, ती चुकवू नका; किंमत चढी वाटली तरी. हे दोघं ज्या वयाचे आहेत त्या वयाचा संघ आपल्याला हवा आहे.

लवीन आणि डीरोझन यांचे करार वाढवू नका. दोन्ही 2027 च्या उन्हाळ्यात संपतात, आणि डीरोझनच्या शेवटच्या वर्षातले 1 कोटीच हमीचे आहेत. म्हणजे थोडा धीर धरला तर हात आपोआप मोकळे होतात, काही न करता. मधल्या काळात कुणी मोल दिलं तर जरूर द्या, पण त्यांच्या जागी तेवढ्याच लांबीचा दुसरा करार घेऊ नका. श्रोडरचा करार लवीनच्याही एक वर्ष पुढे जातो, तेवढा एक पुरे झाला.

आपलं स्वतःचं एकही फर्स्ट राउंड पिक संरक्षणाशिवाय देऊ नका. 2026 चा ड्राफ्ट भरगच्च असल्याचं सगळेच सांगतात. डिबान्त्सा, पीटरसन, बूझर ही नावं आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ते पिक आपल्याकडे आहे. सोन्यासारखं जपा. आणि हो, त्यासाठी हरावं लागलं तर हरू. मी 17-65 च्या घरात लग्न करून आलेला माणूस आहे, मला 25 विजयांची भीती नाही. मला भीती आहे ती 39 ची. ना प्लेऑफ ना चांगलं पिक, आणि एप्रिलमध्ये पुन्हा कुणाची तरी उचलबांगडी.

नवे जनरल मॅनेजर स्कॉट पेरी यांना तीन वर्षं द्या. म्हणजे खरोखरची तीन वर्षं, मध्ये फोन न करता. 2017 मध्ये ते आपल्याकडे काही महिनेच होते, मग न्यूयॉर्कला गेले. या वेळी त्यांचं सामान तरी उघडू द्या. क्रिस्टी यांनाही. ते या शहराचे आहेत, 2002 च्या संघातले. त्यांना डिसेंबरात 9-20 वर काढलंत तर लोक तिकिटासाठी नव्हे, निषेधासाठी रांग लावतील.

शेवटची मागणी तुमच्या स्वतःकडून आहे. मोसमाआधी समोर या आणि सांगा की आपण काय करतो आहोत. 'स्पर्धात्मक राहणार आणि तरुणही घडवणार' हे वाक्य नको, ते आम्ही आठ कोचांच्या तोंडून ऐकलं. बांधणी करतो आहोत असं म्हणा, किंवा नाही करत असं म्हणा. पहिलं म्हणालात तर सीझन तिकीट घेऊन रिकाम्या चौथ्या क्वार्टरपर्यंत बसणारे हजारो लोक या शहरात आहेत. लेकर्सचे तेव्हाचे कोच फिल जॅक्सननी सॅक्रामेंटोला गुराखी गाव म्हणून हिणवलं, तेव्हा इथल्या लोकांनी गाईंच्या घंटा आणून त्यांच्या कानाशी वाजवल्या. एवढा चिवटपणा फुकट मिळतो आहे, तो वापरा.

माझ्याकडेही एक घंटा आहे. साताऱ्याच्या बाजारातून आणलेली, बैलाच्या गळ्यातली. सामना जिंकला की मुलगी अंगणात वाजवते, शेजारचा कुत्रा भुंकतो. बुधवारी गणपती बसतील, तेव्हा आरतीला तीच घंटा वाजेल, कारण पूजेची कुठे ठेवली ते बायकोला सापडत नाहीये. ऑक्टोबरात आम्ही पुन्हा हजर असूच.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
फॉल्समचा एक प्रेक्षक
24 ऑगस्ट 2025

ता. क. आई अजून विचारते, रणदिवे नक्की कुठले. जमल्यास कळवा.